चौदा टक्क्यांचे आठ कसे झाले? मालवाहतुकीचा खर्च आणि धूर समजून घेताना

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक आकडा जाहीर केला आणि अनेकांचा गोंधळ उडाला. २०२३-२४ या वर्षात देशभरातला माल हलवण्याचा आणि साठवण्याचा एकूण खर्च जीडीपीच्या ७.९७ टक्के, म्हणजे सुमारे २४ लाख कोटी रुपये होता, असं त्यात म्हटलं होतं. (जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या वस्तू आणि सेवांची किंमत.) गोंधळ अशासाठी की तोवर आपण भलताच आकडा ऐकत होतो. मंत्र्यांची भाषणं असोत, उद्योग संघटनांची निवेदनं असोत की वर्तमानपत्रांतले लेख, 'भारतात हा खर्च १३-१४ टक्के आहे, प्रगत देशांत तो आठ-नऊ टक्केच असतो, म्हणून आपला माल बाहेर महाग पडतो' हे वाक्य ठरलेलं असायचं. २०२२ साली राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हा खर्च एक अंकी करायचा, असंच सांगितलं गेलं. मग तीनच वर्षांत तो आठवर कसा आला? गाडीभाडं तर कुणाचं उतरलेलं दिसत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं, आणि ते केवळ आकड्यासाठी नाही. आपल्या मालवाहतुकीत पैसा जिथे वाया जातो तिथेच डिझेलही वाया जातं, हे त्यातून स्पष्ट होतं. धूर कमी करायचा तर वाहतूक महाग होणार, ही भीती बऱ्याच अंशी चुकीची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

या खर्चात काय काय येतं?

लॉजिस्टिक्स म्हणजे माल जिथे तयार होतो तिथून जिथे लागतो तिथपर्यंत, हवा तेव्हा आणि धड अवस्थेत पोचवण्याचा सगळा खटाटोप. गाडीभाडं हा त्यातला सर्वांत मोठा भाग. त्याखेरीज गोदामाचं भाडं, हमाली, विमा, कागदपत्रं, वाटेत फुटलेला किंवा सडलेला माल हे सगळं त्यात धरतात.

एक खर्च मात्र कुठल्याच बिलावर छापलेला नसतो, तो म्हणजे अडकून पडलेल्या पैशावरचं व्याज. समजा एका कारखानदाराचा ५० लाखांचा माल वाटेत आहे आणि त्याचं कर्ज १२ टक्क्यांचं आहे. तो माल एक दिवस जास्त लटकला की १,६०० रुपयांहून जास्त व्याज बसतं. याहून वाईट म्हणजे अनिश्चितता. माल दर खेपेला बरोबर सहा दिवसांनी पोचत असेल तर कारखानदार त्या हिशेबाने साठा ठेवतो. पण तो कधी चार दिवसांत येतो आणि कधी दहा दिवसांत, अशी स्थिती असेल तर काम थांबू नये म्हणून त्याला कायम दहा दिवसांचा साठा बाळगावा लागतो. त्यासाठी मोठं गोदाम घ्यावं लागतं, जास्त पैसा गुंतवावा लागतो. सावकाश येणाऱ्या मालापेक्षा बेभरवशाचा माल महाग पडतो तो असा.

मग चौदाचे आठ कसे झाले?

मोजमाप बदललं म्हणून. १३-१४ टक्के हा आकडा फार जुन्या, तुटपुंज्या माहितीवर बेतलेल्या ढोबळ अंदाजांतून आला होता आणि एकाने दुसऱ्याचा हवाला देत वर्षानुवर्षं फिरत राहिला. पुढे सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागासाठी एनसीएईआर या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेने पद्धतशीर मोजणी केली. डिसेंबर २०२३ मधल्या पहिल्या अहवालात २०२१-२२ साठी तो खर्च ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान निघाला आणि नंतरच्या सविस्तर अहवालात २०२३-२४ साठी ७.९७ टक्के. म्हणजे चौदावरून आठवर घसरण झाली असं नव्हे, आधीचा चौदाच भक्कम नव्हता.

दुसरी गोम टक्केवारीत आहे. एखाद्या घरात महिन्याला वीस हजार येतात आणि बसभाड्यावर दोन हजार जातात, म्हणजे दहा टक्के. घरातल्या आणखी एकाला घरबसल्या करायची नोकरी लागून उत्पन्न चाळीस हजार झालं, तर तेच दोन हजार पाच टक्के होतात. बसचं तिकीट मात्र एका पैशाने उतरलेलं नसतं. देशाचंही तसंच असतं. सॉफ्टवेअर, बँकिंग यांसारख्या सेवांचा वाटा वाढला की जीडीपी वाढतो, पण त्यासाठी ट्रक हलत नाही. उलट चीनमध्ये कारखानदारी अफाट आहे, कोळसा आणि पोलाद हजारो किलोमीटर हलतं, आणि तिथला सरकारी आकडा आजही १४ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून चीनची वाहतूक आपल्यापेक्षा गचाळ आहे, असं कुणी म्हणणार नाही.

तेव्हा एकूण टक्केवारीवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती पैसे लागतात, किती डिझेल जळतं आणि त्यातलं किती विनाकारण जळतं, हे विचारलं पाहिजे. एक टन माल एक किलोमीटर गेला की त्याला एक टन-किलोमीटर म्हणतात. पुढे हा शब्द एखाद्या वेळी येईल.

कांद्याच्या एका गाडीचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला २५ टन कांदा घेऊन जाणारी एक मोठी गाडी घेऊ. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते आणि रिकामी पाच किलोमीटर, असं धरू. डिझेल ९० रुपये लिटर. ही माझी ढोबळ गृहीतकं आहेत. गाडी, रस्ता आणि चालवणारा हात बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

जाताना सुमारे ३७० लिटर डिझेल लागलं. दिल्लीत माल उतरला. आता परतीचं भाडं मिळालं नाही आणि गाडी रिकामी आणावी लागली, तर आणखी २६० लिटर जळतं. म्हणजे २३,४०० रुपये. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे एक किलोही माल न वाहता जवळजवळ ७०० किलो धूर हवेत गेला.

हे २३,४०० रुपये कोण देतं? ट्रकमालक पदरचे देत नाही, देऊ शकतही नाही. तो जातानाच्या भाड्यात ही शक्यता धरूनच आकडा सांगतो. २५ हजार किलो कांद्यावर वाटले तर किलोमागे ९४ पैसे होतात. न आणलेल्या मालाचं हे भाडं कांद्याच्या भावात मुरलेलं असतं.

परतीचा माल मिळणं अवघड का असतं, तेही समजून घेऊ. काही प्रदेश पिकवतात किंवा बनवतात आणि काही मुख्यतः खपवतात, त्यामुळे दोन्ही दिशांना सारखा माल कधीच नसतो. त्यात गाडीची जात आड येते. टँकरमध्ये धान्य भरता येत नाही, सिमेंटच्या बल्करमध्ये फर्निचर मावत नाही. एवढा रिकामेपणा टळण्यासारखा नाही. पण मोठा भाग केवळ माहितीअभावी असतो. ज्याच्याकडे माल आहे त्याला रिकामी गाडी कुठे उभी आहे ते कळत नाही. ही गाठ घालून देणं हा हुंडेकऱ्यांचा पिढीजात धंदा. आता त्याला मोबाइल ॲपची जोड मिळाली आहे. ती पसरली पाहिजे, कारण रिकामी फेरी भरली की थोड्याच जास्त धुरात दुप्पट काम होतं आणि त्यासाठी नवा ट्रक, नवं इंजिन, नवं इंधन यातलं काहीच लागत नाही.

गाडी चालते किती आणि उभी राहते किती

आपल्याकडचा ट्रक दिवसाला सरासरी ३०० किलोमीटरच्या आसपास कापतो, असं मानलं जातं. ताशी पन्नासच्या वेगाने हे सहा तासांचं काम आहे. उरलेले अठरा तास तो काय करतो?

पूर्वीचं ठरलेलं उत्तर होतं, नाका. राज्याच्या हद्दीवर विक्रीकराचा, शहराच्या तोंडावर जकातीचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. मुंबईची जकातही त्याच वेळी गेली. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन दाखला, आलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. रस्तेही सुधारले. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला.

पण आता गाडी हमरस्त्यावर नाही, कारखान्याच्या नाहीतर गोदामाच्या फाटकापाशी अडते. भरायला आलेल्या गाडीचा दिवस पाहा. आधी फाटकावर नोंद आणि टोकन. मग रिकाम्या गाडीचं वजन करायला काट्यापुढे रांग. मग माल तयार नाही, नाहीतर हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर. संध्याकाळी भरणं सुरू, रात्री पुन्हा वजनकाटा, मग बिल्टी (माल पाठवल्याची पावती), मग ताडपत्री आणि दोर. पोचल्यावरही तेच. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून गाडी वेशीवर रात्रीची वाट पाहते. आत गेल्यावर कळतं की गोदाम भरलेलं आहे, उद्या या. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो. बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी धड संडास नसतो.

या उभं राहण्याची किंमत काढू. गाडीचा हप्ता महिना ऐंशी हजार असेल आणि गाडी महिन्यात सहा हजार किलोमीटर चालत असेल, तर प्रत्येक किलोमीटरवर हप्त्याचे तेरा रुपये तेहतीस पैसे पडतात. तीच गाडी नऊ हजार किलोमीटर चालली तर आठ रुपये एकोणनव्वद पैसे. केवळ खोळंबा कमी झाल्याने किलोमीटरमागे साडेचार रुपयांच्या आसपास वाचले. विमा, रस्ता कर, ड्रायव्हरचा पगार यांनाही हाच हिशेब लागू आहे.

मग हा खोळंबा कमी का होत नाही? कारण जो खोळंबा करतो त्याला त्याचा खर्च लागत नाही. गाडी थांबवली तर हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचं भाडं, द्यायचं, असं करारात लिहिलेलं असतं, पण ते मागायला गेलेल्या छोट्या ट्रकमालकाला पुढचं भाडं मिळेलच याची खात्री नसते. देशातले बहुसंख्य ट्रकमालक पाचाहून कमी गाड्यांचे धनी आहेत. समोर मोठी कंपनी. त्यामुळे उभ्या गाडीचा खर्च ते मुकाट्याने सोसतात आणि तो भरून काढायला जास्त माल लादतात किंवा ड्रायव्हरला रात्रभर गाडी हाकायला लावतात. फाटकावरच्या तासांचं बिल वेळेवर आणि सक्तीने फुटू लागलं, तर गोदामं आपोआप वेळा ठरवून गाड्या बोलावू लागतील. वाहतूक स्वस्त करण्याच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, असं मला वाटतं.

रेल्वे इतकी स्वस्त, तर सगळे रेल्वेनेच का पाठवत नाहीत?

रेल्वेचा फायदा खरा आहे आणि तो साध्या पदार्थविज्ञानातून येतो. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना जो अडथळा होतो, तो डांबरी रस्त्यावरच्या रबरी टायरपेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. तेवढ्याच वजनाला ओढायला तेवढीच कमी ताकद लागते. १९५०-५१ मध्ये देशातला ८५ टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात होता. आता तो वाटा तीस टक्क्यांच्याही आत आला आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्के करायचा, असं राष्ट्रीय रेल्वे योजनेत म्हटलं आहे.

कांद्याचंच उदाहरण पुढे नेऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीतले भाव आवरण्यासाठी सरकारने राखीव साठ्यातला १,६०० टन कांदा नाशिक जिल्ह्यातून ४२ वाघिणींच्या मालगाडीने दिल्लीला धाडला. 'कांदा एक्स्प्रेस' म्हणून ती गाजली. एका रेकचा, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीचा, खर्च ७० लाख २० हजार रुपये आणि तोच माल ५६ ट्रकांनी पाठवला असता तर ८४ लाख, असं तेव्हा सरकारने सांगितलं. किलोमागे हिशेब केला तर रेल्वेने सुमारे ४ रुपये ३९ पैसे, रस्त्याने ५ रुपये २५ पैसे. फरक ८६ पैशांचा.

आता हा फरक साध्या व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. ट्रक कांदा साठवायच्या चाळीपाशी भरतो आणि थेट गाळ्यावर उतरतो. रेल्वेने पाठवायचं तर चाळीपासून मालधक्क्यापर्यंत एक ट्रक, तिथे उतरवून वाघिणीत भरायचं, दिल्लीत वाघिणीतून उतरवून पुन्हा ट्रकमध्ये. दोनदा जास्तीची हमाली आणि दोन छोट्या फेऱ्या. दोन्ही टोकांना मिळून किलोमागे ८६ पैसे गेले की फायदा संपला. शिवाय प्रत्येक चढ-उतारात कांदा दुखावतो. त्यातून १,६०० टन माल एकदम जमवणं हे सरकारला किंवा मोठ्या कंपनीला जमतं. वीस टनवाल्याला रेक काय कामाचा? आणि भरायला दिलेल्या ठरावीक तासांत ४२ वाघिणी भरल्या नाहीत तर तासागणिक डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतं. बऱ्याच मालधक्क्यांवर धड शेड नाही, पुरेसे दिवे नाहीत, पावसात पोती भिजतात.

याखेरीज दोन अडचणी रेल्वेच्या घरातल्याच आहेत. पहिली, रूळ एकच असतात आणि प्रवासी गाडीला आधी वाट मिळते. मालगाडी बाजूला उभी राहते आणि कधी पोचेल याचा भरवसा राहत नाही. दुसरी, प्रवासी तिकिटावर होणारा तोटा मालाच्या भाड्यातून भरून काढला जातो. तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत दिली जाते, असं रेल्वेमंत्र्यांनी स्वतः सांगितलं आहे. लोकांना स्वस्तात प्रवास मिळायलाच हवा, पण त्याचा भार मालावर टाकला की माल रस्त्यावर जातो आणि त्याचा धूर सगळ्यांच्या छातीत जातो. ही सवलत अर्थसंकल्पातून उघडपणे दिली गेली पाहिजे.

पहिल्या अडचणीवरचा उपाय म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीचे स्वतंत्र लोहमार्ग. पूर्वेकडचा लुधियाना ते सोननगर, १,३३७ किलोमीटर. पश्चिमेकडचा दादरी ते न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, १,५०६ किलोमीटर. पश्चिम मार्गावर विजेच्या तारा इतक्या उंच आहेत की एका कंटेनरवर दुसरा कंटेनर ठेवून गाडी जाते. जुन्या मार्गांवर मालगाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास रेंगाळायचा. या मार्गांवर तो दुपटीच्या घरात गेला. दुर्दैव असं की सर्वांत शेवटपर्यंत रखडलेला तुकडा आपल्याच राज्यातला, वैतरणा ते न्हावा शेवा हा होता. बंदरापर्यंत न पोचलेल्या मार्गाचा बंदराला काय उपयोग?

दुहेरी हमालीच्या अडचणीवर कोकणाने फार पूर्वी एक उत्तर काढलं. १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक जसेच्या तसे सपाट वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा नेते. घाटातलं डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हरला झोप मिळते आणि माल एकदाही हाताळावा लागत नाही. कंटेनरचं तत्त्वही हेच. पेटी क्रेनने उचलायची, आतल्या मालाला हात लावायचा नाही. या पद्धती वाढल्या की हमालीचं काम घटेल हेही खरं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना संरक्षण दिलं त्या कामगारांना क्रेन, फोर्कलिफ्ट, गोदामातली नोंदणी या कामांत आधी घेतलं पाहिजे. वाहतुकीतली बचत त्यांच्या पोटावर पाय देऊन होता कामा नये.

पण रेल्वेची वीजही कोळशाचीच ना?

हो, आज बहुतांशी तीच. ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालं असलं तरी देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. तरीही रेल्वेचं पारडं जड राहतं, कारण टन-किलोमीटरमागे लागणारी ऊर्जाच मुळात खूप कमी आहे. शिवाय सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत जाईल तशी तीच गाडी, तेच इंजिन आपोआप स्वच्छ होत जातं. डिझेल ट्रक मात्र दहा वर्षांनी तेवढंच डिझेल जाळतो, किंबहुना थोडं जास्तच.

कोळशाचा खरा पेच वेगळाच आहे. रेल्वे जो माल वाहते त्यातला जवळजवळ निम्मा कोळसाच आहे. उद्या देशाने कोळसा कमी केला तर रेल्वेचं उत्पन्न कुठून येणार, आणि तिकिटावरची सवलत कशातून निघणार? सिमेंट आणि खत तर ती वाहतेच, पण मोटारी, किराणा, फळं, पार्सल अशा मालासाठी रेल्वेला आत्ताच दार उघडावं लागेल. तो माल कोळशासारखा रेकच्या मापात येत नाही, पेटी-पेटीने येतो.

इलेक्ट्रिक ट्रक आले की सगळं सुटेल का?

काही ठिकाणी नक्की सुटेल. बंदर ते गोदाम, खाण ते कारखाना, सिमेंट कारखाना ते जवळचं शहर अशा ठरलेल्या छोट्या फेऱ्यांवर गाडी रोज त्याच जागी परत येते. तिथे चार्जिंगची सोय करणं सोपं जातं. विजेवरच्या वाहनांना मदत देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांचं अनुदान ठेवलं आहे आणि सुमारे ५,६०० गाड्यांना ते मिळेल, असा अंदाज आहे. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. ही अट मला योग्य वाटते, कारण त्यामुळे जुना धूर खरोखर बंद होतो.

पण इलेक्ट्रिक ट्रक डिझेल ट्रकपेक्षा खूपच महाग आहे, आणि बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून जातं. तेराशे किलोमीटरच्या फेरीला तो आजच पुरा पडेल असं नाही. आणि विजेची गाडीही फाटकावर अठरा तास उभी राहिली किंवा रिकामी परतली, तर तिची महागडी किंमत वसूल होणार तरी कशी? जिची किंमत जास्त आणि चालवण्याचा खर्च कमी, ती गाडी जितकी जास्त धावेल तितकी परवडते. म्हणून खोळंबा आणि रिकामी फेरी हे प्रश्न आधी सुटले तरच इलेक्ट्रिक ट्रकला बरकत येईल.

भाड्यात न दिसणारा खर्च

'आपल्याकडचं ट्रकभाडं जगाच्या मानाने स्वस्तच आहे, मग ओरड कशाला?' असं वाहतूक व्यवसायातली माणसं म्हणतात. भाडं कमी आहे, हे मान्य. पण ते कमी का आहे?

एक कारण जादा माल. रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन २० टक्के जास्त भरलं की नुकसान २० टक्क्यांनी वाढत नाही, दुपटीहून थोडं अधिक होतं. तो खर्च रस्ता दुरुस्तीच्या निविदांत जातो, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. दुसरं कारण ड्रायव्हरची स्वस्त झोप. चाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये माणूस किती सावध राहणार? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ते फार आधी व्हायला हवं होतं. तिसरं, हवा. वाहनांच्या एकूण संख्येत ट्रक अवघे तीन टक्के, पण वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून जास्त कण त्यांचे, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नोंदवलं आहे. एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६, म्हणजे धुराचे कडक निकष पाळणारे, ट्रक पुष्कळ स्वच्छ आहेत. जुने मात्र हातोहात विकले जाऊन शेवटी ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याकडे येतात आणि तिथेच शेवटपर्यंत धूर ओकतात. त्याला नुसता दंड करून भागणार नाही, बदलीची गाडी घ्यायला कर्ज द्यावं लागेल.

भाडं उतरलं तर शेतकऱ्याला काय मिळेल?

हा प्रश्न वाचकांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. आपोआप काही मिळणार नाही, हे उत्तर कटू असलं तरी खरं आहे. कांद्याचा भाव दिल्लीच्या बाजारात ठरतो. त्यातून भाडं, हमाली, नासाडी आणि मधल्यांचा नफा वजा होत होत जे उरतं ते लासलगावच्या भावात उतरतं. भाडं किलोमागे रुपयाने कमी झालं, तर तो रुपया कुणाच्या पदरात पडेल हे त्या दिवशी घासाघीस करण्याची ताकद कुणाकडे आहे यावर ठरतं. आवारात दहा खरेदीदार चढाओढ करत असतील तर त्यातले बरेच पैसे शेतकऱ्यापर्यंत येतात. दोघंच असतील तर येत नाहीत.

म्हणूनच ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला सुटलेली पहिली किसान रेल्वे मला महत्त्वाची वाटते. तिच्यात अख्खा रेक भरायची अट नव्हती. थोडा माल घेऊन येणारा शेतकरीही जागा घेऊ शकत होता आणि गाडी वाटेतल्या स्थानकांवर माल घेत जात होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. फळं आणि भाजीपाल्याच्या भाड्यात तेव्हा ५० टक्के अनुदान होतं, त्यामुळे ते दर कायमचे धरता येणार नाहीत. पण थोडा माल, ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि वाटेतले थांबे ही रचना अनुदानाशिवायही उभी करता येते. सांगोल्याचा डाळिंब उत्पादक आपल्या गटातर्फे स्वतः जागा राखून शालिमारला माल पाठवेल, तेव्हा भाड्याची पावती त्याच्या हातात असेल आणि त्यात कपात झाली तर ती त्याला थेट दिसेल.